साहेब म्हणाले ‘फनी’, आणि मी हसलो

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

मी बेलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात २६ वर्षं अकाउंट्सला आहे. शिक्षण मराठी माध्यमात, बी.कॉम.पर्यंत. इंग्रजी कामापुरतं येतं, लिहायला बरं, बोलायला कमी. गेल्या महिन्यात नवे साहेब आले. उटीच्या शाळेत शिकलेले. त्यांनी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं नाव घालून टाकलं, ‘देअर इज समथिंग फनी अबाउट द मार्च व्हाउचर्स.’ मला वाटलं, साहेब काहीतरी गमतीचं बोलतायत. नव्या माणसाशी जुळवून घ्यावं म्हणून मी ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे तीन चेहरे टाकले आणि खाली लिहिलं, ‘व्हेरी फनी सर.’ ग्रुपवर १४ माणसं आहेत. कोणी चकार शब्द काढला नाही. थोड्या वेळाने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, ‘आर यू ट्राइंग टू बी फनी?’ मी ‘नो सर’ म्हणालो, पण घाबरून तेव्हाही हसूच फुटलं. त्यांनी फाइल पुढे सरकवली आणि नंतर बोलू म्हणाले. तीन दिवस झाले, बोललेले नाहीत.

मी व्हाउचरं काढून पाहिली. वाराईची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीची, तीन आहेत, एकाच शाईची, एकाच हाताची, तिन्हींवर रविवारची तारीख. माझ्या हातून पास झाली आणि मला दिसलं नाही. साहेबांनी मला चोर म्हटलं का? घरी सांगितलं तर मुलगी पोट धरून हसली. या शब्दाचा अर्थ नक्की काय? माफी मागू का? आणि आमच्यासारख्यांनी इंग्रजीत हसण्या-हसवण्याच्या वाटेला जाऊच नये का?

आपला,
हसून फसलेला, भांडुप

अहो फसलेले,

तुमची मुलगी हसली, आणि पत्र वाचताना मीही हसले, एवढं आधी कबूल करून टाकते. परळच्या रात्रशाळेत २२ वर्षं इंग्रजी शिकवलं. अवघड शब्दांनी माझ्या वर्गाचं कधी काही बिघडवलं नाही, कारण अवघड शब्द दिसला की मुलं कोश उघडायची. घात केला तो असल्या सोप्या, ओळखीच्या शब्दांनी. ‘फनी’ त्यात पहिल्या बाकावर.

ज्याने तुमची झोप उडाली आहे ते आधी मिटवू. साहेबांनी तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. वाक्य पुन्हा वाचा. फनी काय आहे म्हणतात ते? व्हाउचरं. मराठीत साहेब म्हणाले असते, ‘मार्चच्या व्हाउचरांत काहीतरी खटकतंय.’ स्वभावाने जरा संशयी असते तर, ‘कुठेतरी पाणी मुरतंय.’ दोन्ही वेळा बोट कागदावरच आहे. आणि तुम्हीच लिहिता की शाई एक, हात एक आणि वार रविवार. म्हणजे साहेबांना जे खटकलं ते खटकण्यासारखंच होतं. त्यांनी ते चौदा जणांसमोर विचारायला नको होतं, हे माझं मत. पण ते सांगायला तुम्ही मला पत्र लिहिलेलं नाही.

आता शब्दाकडे वळू. आमच्या चाळीत दोन विनोद राहायचे. एक लांब्या विनोद, एक चष्म्याचा विनोद. पोस्टमनने खालून ‘विनोद, पत्रऽ’ अशी हाक दिली की तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून एकच प्रश्न खाली यायचा, ‘कुठला? लांब्या का चष्म्याचा?’ इंग्रजीत ‘फनी’ या नावाचे असेच दोघे राहतात. एक हसवणारा, दुसरा चमत्कारिक. आणि खुद्द इंग्रजांनाही ते हाकेसरशी ओळखू येतात असं नाही. कोणी म्हणालं की अमुक माणूस फनी आहे, तर समोरचा विचारतो, ‘फनी हा-हा, ऑर फनी पिक्युलियर?’ हसायचा फनी का विचित्रातला फनी? शंभर वर्षांहून जास्त काळ ते एकमेकांना हे विचारत आले आहेत. ज्यांची ती आईची भाषा त्यांनाच गॅलरीतून वाकून विचारावं लागतं, मग भांडुपच्या माणसाने चुकीचा विनोद वर बोलावला तर त्यात एवढं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला नको.

शब्दाची जुनी कुळकथा तर तुमच्या सहीशीच जुळते. सतराव्या शतकाच्या अखेरीला ‘फन’ म्हणजे फसवणं, टोपी घालणं. तिथून तो शब्द हळूहळू मौजमजेकडे आला. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला, त्यात अर्थ मौजेचाच दिला आहे, पण जोडीला शेरा आहे की हा हलक्या बोलीतला शब्द. त्याच सुमाराला ‘फनी’ लिखाणात दिसू लागतो, हसवणारा या अर्थाने. पन्नासेक वर्षांनी, एकोणिसावं शतक उजाडताना, दुसरा भाडेकरू येऊन राहतो: विचित्र, न उलगडणारा, नीट न वाटणारा. पुढे खोट्या नोटांना ‘फनी मनी’ म्हणू लागले आणि आपण ज्याला भानगड म्हणतो त्याला ‘फनी बिझनेस’. एवढी वर्षं लोटली तरी टोपी घालण्याचा जुना वास पूर्ण गेलेला नाही. ‘हसून फसलेला’ अशी सही तुम्ही सहज केलीत, पण त्या शब्दाचा सगळा इतिहास तीन अक्षरी ‘हसून’ आणि चार अक्षरी ‘फसलेला’ यांत बसवलात.

हा दुसरा अर्थ मला कोणी शिकवला ते सांगते. माझ्या वर्गात गिरणीतली माणसं असायची. १९८२चा संप होऊन गेला होता, काहीजण पुन्हा कामावर लागले होते, बरेचसे लागले नव्हते, आणि जे वर्गात यायचे ते दिवसभराचं काहीतरी करून यायचे. एकदा मी फळ्यावर लिहिलं, ‘द लूम इज मेकिंग अ फनी नॉइज.’ माग म्हणजे त्यांच्या बोलीत साचा, म्हणून मुद्दाम त्यांच्या ओळखीचं उदाहरण घेतलं होतं. मागच्या बाकावरून साचेखात्यातले एक गृहस्थ उठले. वय पन्नाशीच्या आसपास, वर्गात सहसा बोलत नसत. म्हणाले, ‘बाई, साचा हसतो?’ वर्ग फुटला. मी अर्थ सांगायला लागले, विचित्र, चमत्कारिक वगैरे. त्यांनी मला हाताने थांबवलं. ‘कळलं. म्हणजे साचा वेगळाच बोलतोय. तसं बोलला की आम्ही आधी बंद करतो, मग बघतो.’

‘वेगळाच.’ इतकं नेमकं मराठी मला सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वर्गात हेच सांगायला लागले. दूध ‘स्मेल्स फनी’ म्हणजे दुधाला वेगळाच वास येतोय, चहा ठेवू नका. ‘आय फील फनी’ असं कोणी म्हणालं तर त्याला विनोद सुचलेला नाही, त्याला कसंतरीच होतंय, बसायला जागा द्या. ‘ही गेव्ह मी अ फनी लुक’, त्याने माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. चाव्या जागेवर नसल्या की साहेब स्वतःशीच ‘दॅट्स फनी’ म्हणतात, म्हणजे ‘अरेच्चा, नवलच आहे.’ आणि ‘समथिंग फनी’ हे दोन शब्द जोडीने आले, त्यातून अकाउंट्सच्या खात्यात आले, तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा साचा वेगळाच बोलतोय असं समजायचं. आधी बंद करायचा, मग बघायचं. हसण्यातला फनी बहुतेक गोष्ट, किस्सा, नाटक, माणूस, नक्कल यांच्या अंगाने येतो. व्हाउचरं नक्कल करत नाहीत. की करतात? तुमच्या त्या तिघांविषयी मी तूर्त शपथ घेत नाही.

याच वर्गात उलट्या बाजूनेही लोक घसरायचे. घारापुरीची सहल झाली आणि निबंध लिहायला दिला, तर अर्ध्या वह्यांत ‘अवर पिकनिक वॉज व्हेरी फनी.’ मी विचारलं, ‘का हो, लाँच उलटायला आली होती, का कोणी माकडाला डबा दिला?’ त्यांना म्हणायचं होतं मजा आली. ती ‘फन’. मजा आपल्याला येते, फनी समोरचं असतं. हा फरक मुंबईत आजही लोक रोज गाळतात, चांगली कॉन्व्हेंटमधली सुद्धा. लग्नाहून येऊन यजमानांना ‘युअर वेडिंग वॉज सो फनी’ असा निरोप पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत. यजमान त्यानंतर आठवडाभर अल्बम चाळत असणार, नेमकं कुठे काय झालं म्हणून.

आता जरा ऐका. हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, इंग्रजी ही भाषाच लबाड. तसं मुळीच नाही. आपली ‘गंमत’ काय कमी आहे? ‘सहलीत गंमत आली’ ही एक गंमत. ‘गंमत म्हणजे, त्या दिवशी तो ऑफिसला आलाच नव्हता’ ही दुसरी, हिच्यात हसण्यासारखं काही नाही, उलट पोलिसांनी ऐकावं असं वाक्य आहे. आणि सासूबाई हातातलं काम थांबवून नुसतं ‘गंमतच आहे!’ म्हणतात, तेव्हा घरातला कोणीही शहाणा माणूस खिदळत नाही. विदर्भात तर ‘खडी गंमत’ म्हणजे उभ्याने सादर करायचा लोकनाट्याचा प्रकार. एवढे सगळे अर्थ तुम्ही जन्मापासून न चुकता वापरता. सासूबाईंची ‘गंमतच आहे’ तुम्हाला सुरावरून कळते, भुवईवरून कळते. व्हॉट्सॲपवर साहेबांना ना सूर होता ना भुवई. तिथे कान मराठीचा असो की इंग्रजीचा, बहिराच.

म्हणून सोपी युक्ती अशी की ‘फनी’ दिसला की त्या जागी मनात ‘गंमत’ ठेवून पाहायचं. ‘मार्चच्या व्हाउचरांत काहीतरी गंमत आहे.’ बघा, मराठीत म्हटल्याबरोबर तुमचं तुम्हालाच धस्स होतं की नाही? कोश लागला नाही.

(जाता जाता: नुसतं नाव ऐकून हसू नये याचा धडा मी २०१९ साली माझ्या भाच्याला दिला होता. त्या मे महिन्याच्या ३ तारखेला ओडिशात पुरीजवळ चक्रीवादळ धडकलं. टीव्हीवर नाव ‘फनी’ दिसलं आणि हा हसत सुटला. ते नाव बांगलादेशाने दिलेलं, बंगालीतल्या फणा काढलेल्या नागाचं. आपल्याकडे फणी म्हटलं की केस विंचरायची आठवते, तो दोष नागाचा नाही.)

तुमच्या प्रकरणातली खरी गोम मात्र मला दुसरीकडे दिसते. साहेबांचा शब्द तुम्ही चुकीचा घेतलात, तो गोंधळ दोन मिनिटांत मिटला असता. पण उत्तरात तुम्ही ‘व्हेरी फनी सर’ लिहिलंत. हे दोन शब्द इंग्रजीत सपाट सुरात म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ उलटा होतो. ‘वा वा, काय पण विनोद!’ एखाद्याने थट्टा केली आणि ती आवडली नाही की तोंड वाकडं करून ‘व्हेरी फनी’ म्हणायची त्यांची रीत आहे. आता साहेबांच्या खुर्चीत बसून पाहा. ते हिशेबातली शंका विचारतात, आणि २६ वर्षांचा जुना माणूस सगळ्यांसमोर उत्तर देतो, ‘काय पण विनोद करता साहेब’, वर तीन हसरे चेहरे. त्यांना वाटलं, हा मला उडवून लावतोय. मग त्यांनी जे विचारलं, ‘आर यू ट्राइंग टू बी फनी?’, त्यात विनोदाची चौकशी नव्हती. आपण म्हणतो ना, ‘शहाणपणा करतोस का?’, ‘माझी फिरकी घेतोस?’, अगदी ते. या वाक्याला ‘नो सर’ हेच उत्तर असतं, तुम्ही तेच दिलंत. फक्त हसायला नको होतं. पण घाबरल्यावर येणारं हसू कोणाच्या हातात असतं? माझी एक मावशी मयताला हसायची. बिचारी पदर तोंडात कोंबून बसे.

थोडक्यात एका दिवसात तीन ‘फनी’ झाले. पहिला साहेबांचा, चष्म्याचा विनोद. दुसरा तुमचा, तुम्ही पाठवलात लांब्याला आणि पोचला भलताच. तिसरा पुन्हा साहेबांचा, तो रागाचा. तिन्हींत कोणी कोणाला हसवलं नाही. तुमची मुलगी काय ती हसली.

त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दलही सांगते, कारण तो काही साधासुधा नाही. २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी ‘वर्षाचा शब्द’ म्हणून कुठलाही शब्द न निवडता हाच चेहरा निवडला होता, हसून डोळ्यांत पाणी आलेला. आता पोरं त्याला म्हातारा समजतात. माझी नात फार हसू आलं की कवटी पाठवते. पहिल्यांदा रात्री अकराला तिची कवटी आली तेव्हा मी तिच्या आईला फोन लावला होता. तेव्हा चेहऱ्यांची भाषाही शब्दांसारखीच दोन बिऱ्हाडांची, आणि ऑफिसच्या ग्रुपवर, जिथे पैशांचा विषय निघाला आहे तिथे, मी तर म्हणेन अंगठासुद्धा जपून.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला ‘फनी’चे दोन्ही अर्थ खरं तर अंगावर शिकायला मिळतात. गर्दीच्या लोकलमध्ये चढताना कोपर दांडीवर आपटतं आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या जागेला इंग्रजीत ‘फनी बोन’ म्हणतात. ते हाड नाहीच. अल्नर नावाची नस तिथे कातडीच्या अगदी जवळून जाते, ती चेपली जाते. हसण्यासारखं त्यात काय आहे ते भांडुपला साडेआठला चढणाऱ्या माणसाला मी काय सांगू. आणि वरच्या दंडाच्या हाडाचं नाव ‘ह्यूमरस’, म्हणजे ‘विनोदी’ या इंग्रजी शब्दाशी उच्चाराने जुळं भावंड. लांब्या आणि चष्म्याचा, दोघे एकाच कोपरात.

माफी मागावी का? एकदा, छोटी, आणि लेखी. मराठी माध्यम, २६ वर्षांची नोकरी, इंग्रजीची भीती, यातलं काही त्यात घालू नका. साहेबांना तुमच्या शाळेशी देणंघेणं नाही, त्यांना व्हाउचरांचं उत्तर हवं आहे. एवढंच पाठवा: ‘सॉरी सर, आय मिसअंडरस्टुड युअर मेसेज. थ्री व्हाउचर्स डू लुक ऑड. आय ॲम चेकिंग देम.’ इथे मी मुद्दाम ‘ऑड’ घातलाय. विषम आकड्यालाही ‘ऑड’च म्हणतात, पण या वाक्यात त्याचा विचित्र एवढाच अर्थ लागतो, आणि कोणी त्याला हसत नाही. हा निरोप आधी एकट्या साहेबांना जाऊ दे. ग्रुपवर तपास झाल्यावर एक ओळ टाका, म्हणजे बाकीच्यांचाही जीव भांड्यात पडेल. तेही त्या दिवशी गप्प बसले ते तुमच्यावर हसू येत होतं म्हणून की त्यांनाही अर्थ लागला नव्हता म्हणून, याची एकदा चौकशी करा. माझा अंदाज आहे की निम्मे तुमच्याच बाकावर बसलेले निघतील.

आणि इंग्रजीत हसवायच्या वाटेला जावं की नाही? जावं की. पण आपला विनोद कोटीवर चालतो, आणि कोटी ही लोणच्याच्या बरणीसारखी, प्रवासात सांडते. मराठीत जे पाच माणसांना लोळवतं ते इंग्रजीत नेलं की समजावून सांगावं लागतं, आणि समजावलेला विनोद म्हणजे निवलेला वडा. त्यापेक्षा घडलेली गोष्ट घडली तशी सांगावी. तुमचं हेच प्रकरण, सहा महिन्यांनी, साहेब जरा रुळले की त्यांना त्यांच्याच इंग्रजीत सांगा. माझी खात्री आहे की ते हसतील, आणि तो लांब्या विनोद असेल. तोवर एक पथ्य पाळा: साहेबांच्या वाक्याला सगळ्यांत आधी हसणारा माणूस होऊ नका. दुसरा किंवा तिसरा व्हा. ही लबाडी नाही, रस्ता ओलांडतानासुद्धा आपण आधी पुढच्याला जाऊ देतो.

नुसतं हसायची हौस असेल तर त्याला मुंबईत शब्दांची गरजच नाही. १९९५च्या मार्चमध्ये डॉक्टर मदन कटारिया यांनी लोखंडवालाच्या बागेत पाच माणसं जमवून पहिला हास्यक्लब काढला. सुरुवातीला तिथे विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते कोणाला तरी बोचणारे. मग त्यांनी विनोदच काढून टाकले आणि लोक नुसते हसायला लागले. जगभर गेलं ते. मला स्वतःला सकाळी सहा वाजता विनाकारण हसणं जमत नाही, मला कारण लागतं, आणि चहा.

मुलीवर रागावू नका. तिने बापाला हसताना पाहिलं असेल, बाप असा तोंडावर आपटलेला पहिल्यांदाच पाहिला असेल. तिला आज रात्री जेवताना एवढंच विचारा, ‘फन’ आणि ‘फनी’त फरक काय. नेमकं उत्तर आलं तर मला कळवा, मी तिला वही पाठवते.

राहिली व्हाउचरं. माझे यजमान गोदीत होते, त्यामुळे थोडं कानावर आहे. गोदी रविवारी बंद नसते, तेव्हा रविवारची वाराई खरी असू शकते. ड्रायव्हर तीन फेऱ्यांचे पैसे खिशातून देतो आणि तिन्ही व्हाउचरं सोमवारी तुमच्या टेबलाशी उभा राहून एकाच पेनने भरतो, असंही होतं. पेन बहुधा तुमचंच असतं. त्या रविवारचे गेटपास काढा आणि गाडी नंबर, वेळ, व्हाउचरवरची रक्कम लावून बघा. तीन गेटपास मिळाले तर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवा, बोलू नका. दोनच मिळाले तर ड्रायव्हरला आधी चहा पाजा आणि मग विचारा.